एकटीचा पहिला परदेशप्रवास: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा

मोडीवाचक (धागाकर्ती)

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मी उझबेकिस्तानला एकटी जाऊन आले. त्यापूर्वी परदेशी गेले होते ती एकदाच, आणि तेही सहलीच्या झेंड्यामागे चालत. त्यामुळे स्वतःचा व्हिसा काढण्यापासून रात्री खोलीची कडी आतून लावून ती पुन्हा एकदा ओढून पाहण्यापर्यंत सगळे एकटीने करण्याची ही पहिलीच वेळ. माझे वय त्रेपन्न. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्याला चार वर्षे झाली. घरी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की इतके देश सोडून तिथेच का?

कारण मोडी. गेली आठ वर्षे मी हौसेने जुने कागद वाचते आणि त्यांत ओळीओळीला फारसी शब्द भेटतात. दफ्तर, सराफ, हौद, कारखाना, पैलवान हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळले आहेत की ते कुठून आले असा प्रश्नही पडत नाही. फारसी साहित्याला इस्लामोत्तर काळात जो पहिला मोठा बहर आला, तो नवव्या-दहाव्या शतकांत सामानी अमिरांच्या राजवटीत, आणि त्यांची राजधानी बुखारा होती. जिथे कोणी ओळखीचे नाही तिथे निदान शब्द तरी ओळखीचे असतील, असा माझा हिशेब होता. तो पुष्कळसा बरोबर ठरला. कुठे चुकला तेही पुढे सांगते.

दिल्लीहून थेट विमानाने ताश्कंदला पोचायला तीन तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावे लागते. व्हिसा घरबसल्या मिळाला. पहिल्या रात्री मात्र मी हॉटेलबाहेर पाऊल टाकले नाही. सोबत नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि खिडकीतून समोरच्या रस्त्यावरच्या हिरव्या पाटीकडे बघत बसले. पाटी रोमन लिपीत होती. तिथे 'एक्स' ह्या अक्षराचा उच्चार 'ख' होतो हे मी निघण्यापूर्वी शिकून गेले होते, म्हणून अक्षरे लावत लावत वाचली: 'दोरिखोना'. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला, की तो आपला दारूखानाच. अर्थात तिथे ना सुरुंगाची दारू होती ना प्यायची. ते औषधांचे दुकान होते. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि आपणही 'दवादारू' म्हणताना नकळत तोच जुना अर्थ जपून ठेवला आहे. त्या पाटीने मला जो धीर दिला तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाने दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेट्रोने एकटीच चोरसू बाजारात गेले.

एकूण बारा रात्री होत्या: ताश्कंदला दोन, समरकंदला चार, बुखाऱ्याला चार आणि खिव्याला दोन. बहुतेक सहली समरकंद दीड दिवसात आणि बुखारा एका दिवसात उरकतात. पहिल्यांदा एकटे जाणाऱ्याने तसे मुळीच करू नये असे माझे मत आहे, कारण एकट्या माणसाचा सगळा जीव नवीन ठिकाणी पोचण्यात आणि तिथे दिशा लावण्यात खर्च होतो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा पाववाला ओळखून मान हलवतो तेव्हा कुठे शहर दिसायला लागते.

बुखाऱ्याबद्दल सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. जुन्या शहराच्या मध्यभागी ल्याबी हौज आहे, म्हणजे 'हौदाचा काठ'. सतराव्या शतकातला हा दगडी पायऱ्यांचा हौद आणि त्याच्या कडेला तुतीची म्हातारी झाडे. तिथून पाच मिनिटांवर घुमटांनी झाकलेला एक जुना चौक लागतो, त्याचे नाव टोकी सर्रोफोन. सर्रोफ म्हणजे सराफ. चारी दिशांच्या व्यापाऱ्यांची नाणी इथे बदलून मिळत. त्या घुमटाखाली उभी राहिल्यावर मला आपल्याकडचे सराफ कट्टे आठवले, आणि आता तिथे गालिचे आणि रेशमी ओढण्या विकतात ह्याचे थोडे वाईटही वाटले. जुन्या वस्तीत आणखी आत 'चोर मिनोर' आहे. १८०७ सालची ही छोटी इमारत, चार बुटक्या मनोऱ्यांची. चोर म्हणजे चार. हैदराबादच्या चारमिनारचे नाव अगदी तेच, इमारतीत मात्र काहीही साम्य नाही.

आणि इस्माइल सामानीची कबर. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळातली ही चौकोनी, घुमटाची, लहानशी वास्तू नुसत्या भाजक्या विटांची आहे. रंग नाही, फरशी नाही. विटा कधी आडव्या, कधी उभ्या, कधी तिरक्या बसवून सगळी भिंत बुरुडाने विणलेल्या टोपलीसारखी केली आहे. मी तिथे तीन वेळा गेले. सकाळी सावल्या लांब असताना ती वीण खोल दिसते, दुपारी भिंत सपाट होते आणि संध्याकाळी पुन्हा वीण उमटते. सहलीबरोबर असते तर वीस मिनिटे मिळाली असती.

खिव्याबद्दल, खर्चाबद्दल आणि माझी गाडी कशी चुकली त्याबद्दल कोणी विचारले तर लिहीन.

जुना वाडा

वाचत आहे. दवादारूचा मुद्दा आवडला. खिवा जरूर लिहावे.

अबोली

ताई, लेख वाचून हुरूप आला. मी एकेचाळीस वर्षांची आहे, पूर्ण शाकाहारी आहे आणि एकटीने अजून पुण्याबाहेरही राहिलेली नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जेवणाचे हाल झाले का? आणि एकटी बाई म्हणून काही त्रास झाला का, हे कृपया मोकळेपणाने सांगावे.

मोडीवाचक

अबोली, हाल झाले नाहीत, पण तोचतोचपणा आला. तो देश मांसाहारी आहे. पुलाव, ज्याला ते 'ओश' किंवा 'पलोव' म्हणतात, त्यातले मांस बाजूला काढले तरी पुष्कळदा तो मेंढीच्या शेपटीच्या चरबीत केलेला असतो, तेव्हा शाकाहारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये. माझा आधार म्हणजे तंदुरी पाव, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, फळे आणि भोपळ्याचे सारण भरलेला समसा. समसा म्हणजे आपल्या समोशाचा भाऊ, पण तळलेला नसून तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला. भोपळ्याचा आहे का, हे दरवेळी विचारून घ्यावे. नेहमीचा मांसाचाच असतो.

आता माझा शब्दांचा हिशेब कुठे चुकला ते सांगते. बुखाऱ्यात दुसऱ्या दिवशी एका छोट्या खानावळीत मी मोठ्या आत्मविश्वासाने 'सब्जी, सब्जी' म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि किसलेल्या गाजरांची भली मोठी बशी आणून ठेवली. मी हाताने नको नको केले, तेव्हा त्यांना वाटले की कमी पडले. त्यांनी आणखी एक बशी आणली. उझबेक भाषेत 'सब्जी' म्हणजे गाजर. दोन्ही बशा मी संपवल्या, दुसरा मार्ग नव्हता. तसेच 'पुल' म्हणजे पैसे. टॅक्सीवाला पुल मागतो तेव्हा नदी शोधू नये. शिवाय उझबेक ही मूळची तुर्की कुळातली भाषा आहे, त्यामुळे क्रियापदे आणि आकडे ह्यांत आपल्याला काहीही मदत मिळत नाही. बुखारा आणि समरकंद इथल्या पुष्कळ घरांत ताजिक, म्हणजे फारसीचेच एक रूप, बोलतात आणि तिथे यक, दू, से, चोर, पंज ऐकू आले की बरे वाटते. लहान मुलाला उझबेकमध्ये 'बोला' म्हणतात, पण त्याचा आपल्या 'बाळा'शी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. सारखा वाटणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मी ल्याबी हौजच्या काठी रात्री दहापर्यंत बसत असे आणि एकटी चालत मुक्कामी जात असे. एकदाही भीती वाटण्यासारखे काही घडले नाही. प्रश्न मात्र सतत विचारले जातात. नवरा कुठे, मुले किती, एकटी का? सुरुवातीला ह्याचा त्रास झाला. मग लक्षात आले की आपल्या एसटीत शेजारची बाई हेच विचारते आणि त्याच सुरात विचारते. मी 'हिंदुस्तोन' म्हटले की पन्नाशीपुढचे लोक राज कपूरचे नाव घेत आणि बोलणे नवऱ्यावरून तिकडे वळे.

बुखाऱ्यात मी एका घरगुती मुक्कामात राहिले. घरमालकिणीला सगळे 'ओपा' म्हणत, म्हणजे ताई. पहिल्या संध्याकाळी त्यांनी अंगणात चहा दिला. किटलीतून बिनकानाच्या पियाल्यात चहा ओतला आणि तो परत किटलीत टाकला, पुन्हा ओतला, पुन्हा टाकला, असे तीनदा. मला वाटले की पियाला विसळत आहेत. चहा सारखा उतरावा म्हणून तसे करतात. चौथ्यांदा ओतला तो अर्धाच. मला जरा अपमान वाटला, खरे सांगते. नंतर त्यांच्या नातवाने मोबाइलवर भाषांतर करून दाखवले, की पाहुण्याला अर्धा पियाला देतात तो मान असतो, कारण मग यजमानाला पुन्हा पुन्हा ओतावा लागतो. काठोकाठ भरून दिला तर 'प्या आणि निघा' असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अर्धा कप दिला तर काय बोलणी होतील ते मी सांगायला नको.

इतिहासाचा विद्यार्थी

लेखन उत्तम आहे, ह्यात शंका नाही. तरीही एक खटकले. समरकंद म्हणजे तैमूर. १३९८ साली त्याने दिल्लीत जी कत्तल केली ती आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या थडग्यावरच्या निळ्या घुमटाची छायाचित्रे काढताना आपण भारतीय म्हणून काय वाटून घ्यावे? हा प्रश्न टोमणा म्हणून नव्हे, खरोखर विचारतो आहे.

मोडीवाचक

प्रश्न रास्त आहे आणि तिथे असताना तो मलाही पडला होता. गोर-ए-अमीर ही कबर तैमूरने आपल्या नातवासाठी बांधायला घेतली. १४०५ साली चीनच्या स्वारीवर निघालेला असताना वाटेत ओत्रार इथे तो मेला आणि त्यालाही तिथेच पुरले. आत गेल्यावर गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या दगडाची त्याची शिळा दिसते, तिला मधोमध तडा आहे. तो स्वतःच्या गुरूच्या पायाशी पुरलेला आहे. मी आत असताना एक आजी नातवाला घेऊन आल्या, भिंतीलगतच्या बाकावर बसल्या, ओंजळ पसरून दुवा मागितली आणि तोंडावरून हात फिरवून निघाल्या. त्यांच्यासाठी तो देशाचा संस्थापक आहे. ताश्कंदच्या ज्या चौकात सोव्हिएत काळात मार्क्स होता, तिथे आता घोड्यावर बसलेला तैमूर आहे. मी दुवा मागितली नाही आणि त्यांना बोलही लावला नाही.

मला जास्त बोचले ते बीबी खानम मशिदीत. दिल्लीच्या स्वारीहून परतल्यावर, १३९९ साली, तैमूरने ती बांधायला काढली. दिल्लीहून त्याने दगडकाम करणारे कारागीर पकडून नेले होते आणि दगड ओढायला आपल्याकडचे हत्ती होते, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. त्या अजस्र कमानीखाली उभे राहून मी घुमट पाहिला नाही, खालचे दगड पाहिले. कोणत्या माणसाने कोणता घडवला हे कळायला काही मार्ग नाही. तेव्हा काय वाटून घ्यावे ह्याचे माझे उत्तर असे, की त्या इमारतीत आपलीही माणसे खपली आहेत एवढे लक्षात ठेवून ती पाहावी. न पाहण्याने दिल्लीच्या मेलेल्यांचा काही सन्मान होतो असे मला वाटत नाही.

खगोलवेडा

समरकंद म्हणजे तैमूर, ह्या वाक्याला माझी हरकत आहे. समरकंद म्हणजे त्याचा नातू उलुगबेग. ह्या राजाने १४२०च्या दशकात शहराबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा बांधली. तिच्या भिंतीएवढ्या कोनमापक यंत्राच्या कमानीची त्रिज्या चाळीस मीटरच्या आसपास होती. तिथल्या वेधांवरून १४३७ साली १,०१८ ताऱ्यांची सारणी तयार झाली. १४४९ साली त्याच्या स्वतःच्या मुलाच्या सांगण्यावरून त्याचा शिरच्छेद झाला आणि वेधशाळा मोडली, ती इतकी की जागासुद्धा विसरली गेली; १९०८ साली व्यात्किन ह्या रशियन संशोधकाला तिचा जमिनीखालचा भाग सापडला. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी आपल्या सारण्या रचताना उलुगबेगाच्याच सारण्यांचा आधार घेतला होता आणि जयपूरच्या जंतरमंतरमधले षष्ठांश यंत्र त्याच घराण्यातले आहे. मोडीवाचक, आपण तिथे गेला होता का?

मोडीवाचक

गेले होते, आणि पहिल्या नजरेत निराश झाले होते, हे कबूल करते. टेकडीवर एक साधे दार, आत अंधार आणि खाली उतरत जाणारा एक खोल चर. मग डोळे सरावल्यावर दोन समांतर दगडी पट्ट्या दिसल्या, घसरगुंडीच्या कठड्यांसारख्या खाली वळत गेलेल्या, आणि त्यांवर अंशांच्या खुणा. मूळ कमानीचा जमिनीत शिल्लक राहिलेला तेवढाच तुकडा. वरचा भाग आपण मनात काढायचा. मी अर्धा तास कठड्याला धरून तेच करत होते. शेजारून शाळेची सहल आली आणि गेली. १९४१ साली सोव्हिएत संशोधकांनी गोर-ए-अमीरमधली थडगी उघडली, तेव्हा उलुगबेगाचे शिर धडापासून वेगळे आढळले, ही गोष्ट त्या शिक्षिका मुलांना मानेवर हात आडवा फिरवून सांगत होत्या. भाषा न कळताही ते कळले.

टाकीचे घाव

मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे आणि तीन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. एक सावधगिरीची सूचना. समरकंदमध्ये जे निळे झळकते ते बरेचसे विसाव्या शतकातले आहे. बीबी खानम मशीद १८९७च्या भूकंपात आणखी ढासळली आणि सोव्हिएत काळाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ नव्याने उभी केली गेली. रेगिस्तान ह्या तिथल्या मुख्य चौकातल्या तीन मदरशांची शंभर वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहिली, तर मनोरे कललेले आणि फरशा गळून पडलेल्या दिसतात. समरकंदच्या दक्षिणेकडच्या शख्रिसब्ज ह्या शहरात तर पर्यटनासाठी जुनी वस्ती इतकी साफ केली, की २०१६ साली युनेस्कोला ते स्थळ धोक्यातल्या यादीत टाकावे लागले. सुंदर आहे, पण जुने किती ते विचारून पाहावे.

मोडीवाचक

आपले म्हणणे मान्य आहे. म्हणूनच मला बुखारा जास्त भावले. रेगिस्तानच्या बाबतीत मात्र मी थोडी हट्टी आहे. डावीकडचा उलुगबेगाचा मदरसा १४२०चा, समोरासमोरचा शेरदोर दोनशे वर्षांनंतरचा, आणि तरी दोघे एकमेकांना तोलून उभे आहेत. शेरदोरच्या कमानीवर वाघासारखे पट्टे असलेले सिंह आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. फरशी नवी असेल, पण ही कल्पना सतराव्या शतकातल्या माणसाची आहे आणि ती मला पहिली सोडून तिन्ही संध्याकाळी तिथे ओढून नेत होती. त्याच रस्त्याने बीबी खानमकडे जाताना एक लांबलचक भिंत लागते. तिच्यातल्या एका दारातून मी सहज आत गेले तर पलीकडे खरी जुनी मोहल्ल्यांची वस्ती निघाली, वाळत घातलेले कपडे, उघडी गटारे, खेळणारी पोरे. पर्यटकांच्या डोळ्यांना ती दिसू नये अशी व्यवस्था आहे. ते दार चुकवू नये.

जुना वाडा ह्यांनी खिव्याचे विचारले होते. बुखाऱ्याहून रेल्वेने वाळवंटातून जावे लागते आणि वाटेत आमू दर्या ओलांडावी लागते. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र, तिथे नदी. खिव्याचे तटाच्या आतले शहर, इचन कला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालून होते. मुक्काम तटाच्या आतच करावा, कारण संध्याकाळी बस गेल्या की गल्ल्या रिकाम्या होतात. पूर्वेच्या वेशीचे नाव पोलवोन दरवोजा, म्हणजे पैलवान दरवाजा. शहराचा पीर पहलवान महमूद हा कुस्तीगीर आणि कवी होता. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला ह्याहून जवळचा पीर मिळणे कठीण.

पोळीभाजी

आम्ही बहीण-भाऊ एप्रिलमध्ये जात आहोत, म्हणजे एकटे नाही, तरी धागा उपयोगी पडला. खर्च किती आला, रोख किती न्यावी, आणि आपली गाडी कशी चुकली ते सांगावे. ताश्कंद ते समरकंद वेगवान गाडीचे तिकीट आम्ही काढले आहे.

मोडीवाचक

विमानासह एक लाख दहा हजारांच्या आत झाले. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या न्याव्यात. डाग असेल तर घेत नाहीत. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळाले, त्यामुळे पहिल्या दिवशी चहाचे बिल पाहून छातीत धस्स होते. प्रत्येक मुक्कामी तुमची नोंद करून घेतली ना, हे विचारावे आणि चिठ्ठी दिली तर जपून ठेवावी.

गाडीचे असे झाले. ताश्कंदमध्ये रेल्वेची दोन मोठी स्थानके आहेत, उत्तर आणि दक्षिण. हॉटेलातल्या मुलाने स्टेशन म्हटल्यावर टॅक्सी मागवली, मी बसले, आणि दक्षिणेच्या स्थानकावर उतरले. दारावरच्या पोलिसाने तिकीट पाहिले, मान हलवली आणि बोटाने शहराच्या पलीकडे दाखवले. तिकिटावर स्पष्ट छापले होते, 'शिमोलिय'. जुन्या फारसी फर्मानांत जमिनीच्या चतुःसीमा लिहितात त्या शुमाल आणि जुनूब अशाच असतात. शुमाल म्हणजे उत्तर, जुनूब म्हणजे दक्षिण. हे दोन शब्द मी कित्येकदा वाचले आहेत आणि त्यांचा अर्थ इतरांना शिकवलाही आहे. खिशातले तिकीट तेवढे वाचले नव्हते. दुसऱ्या स्थानकावर पोचेपर्यंत गाडी गेली होती. ती ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत धावते, तिच्यामागे धावण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळच्या साध्या गाडीचे तिकीट काढून मी समरकंदला रात्री पोचले, आणि ज्या पहिल्या रात्री रेगिस्तान पाहायचे होते ती रात्र रिक्षेएवढ्या खोलीत झोपून काढली.

तुमच्या तिकिटावर काय लिहिले आहे ते आत्ताच पाहा.

पोळीभाजी

पाहिले. शिमोलिय आहे. भाऊ जनूबियच्या शेजारचे हॉटेल आरक्षित करून बसला होता. ते रद्द केले.